कुवेत कुणाचं? १८९६ ते १९१४ च्या ओढाताणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुवेतच्या जुन्या इतिहासावर मी लिहू-बोलू लागलो, तेव्हापासून तेच ते प्रश्न येत राहिले आहेत. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरातलं कोणी ना कोणी तिकडे नोकरीला होतं किंवा आहे. १९९० साली सद्दाम हुसेनने कुवेतला 'इराकचा एकोणिसावा प्रांत' म्हटलं, ते ज्यांना आठवतं त्यांना या दाव्याचं मूळ हवं असतं. ते मूळ शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या काही कागदांत आहे. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा वाद नेमका कोणाकोणात होता आणि कशावरून?

मुख्य बाजू दोन: इस्तंबूलचं उस्मानी तुर्की साम्राज्य आणि ब्रिटन. त्यातही ब्रिटनची घरं दोन होती. एक लंडनचं परराष्ट्र खातं आणि दुसरं कलकत्त्याहून चालणारं हिंदुस्थान सरकार. या दोघांचं पुष्कळदा पटत नसे. लंडनला युरोपातलं राजकारण सांभाळायचं होतं, तर कलकत्त्याला हिंदुस्थानकडे येणारा समुद्र. जर्मनी रेल्वेच्या निमित्ताने आत आला (प्रश्न ९), रशियाने अधूनमधून एखादी युद्धनौका पाठवली (प्रश्न १०).

कुवेतचा शेख सुलतानाचा मांडलिक, की स्वतंत्र, की इंग्रजांच्या छत्राखालचा, यावर वाद होता. माझ्या मते या तिन्ही गोष्टी एकाच वेळी थोड्याथोड्या खऱ्या होत्या, आणि पंधरा वर्षं कोणालाच त्याचा निकाल लावायचा नव्हता. हे लक्षात ठेवलं की पुढचे गुंते बरेच सुटतात.

२. तेव्हा तिथे तेल तर नव्हतं. मग एवढ्याशा गावासाठी एवढी धडपड कशाला?

तेल बुरगानला १९३८ मध्ये लागलं आणि १९४६ मध्ये निर्यात सुरू झाली, म्हणजे या सगळ्याच्या फार नंतर. १९०० च्या आसपास कुवेत म्हणजे साधारण ३५ हजार वस्तीचं, मातीच्या घरांचं बंदर. पाणी खारट, शेती जवळजवळ नाही. गावाचं पोट मोत्यांवर, गलबतांवर आणि वाळवंटातल्या टोळ्यांशी होणाऱ्या व्यापारावर चाले.

पण निसर्गाने या गावाला एक देणगी दिली होती. इराणी आखाताच्या वरच्या टोकाला मोठ्या जहाजांना आसरा देईल असा खोल उपसागर दुसरीकडे सहज मिळत नाही. बसऱ्याकडे जाणाऱ्या शत-अल-अरबच्या मुखाशी गाळ साचतो. त्यामुळे युरोपातून निघालेली रेल्वे आखाताला मिळवायची तर तिचं शेवटचं स्टेशन कुवेतच्या उपसागरात, काझिमाच्या बाजूला असावं, असा हिशेब बर्लिनपासून सेंट पीटर्सबर्गपर्यंत मांडला जात होता. तिथून समुद्रमार्गे पुढे कराची आणि मुंबई. इंग्रजांना धास्ती होती ती या शेवटच्या टप्प्याची.

३. मुबारक कोण होता? त्याने भावांचा खून इंग्रजांच्या सांगण्यावरून केला, हे खरं का?

मुबारक अल-सबाह हा कुवेतच्या शेख घराण्यातला. थोरला सावत्र भाऊ महंमद गादीवर होता आणि दुसरा भाऊ जर्राह हिशेब पाहत असे. मुबारकच्या वाट्याला वाळवंटातल्या मोहिमा आल्या होत्या, आणि त्यासाठी लागणारा पैसा मात्र भावांच्या हातात होता. मे १८९६ मध्ये एका रात्री त्याने आपली मुलं आणि विश्वासातली माणसं सोबत घेऊन दोघांना ठार केलं आणि सकाळी तो शेख झाला. घराण्याच्या इतिहासात सत्ता अशी रक्त सांडून मिळाल्याचं हे एकच उदाहरण.

इंग्रजांनी हे करवलं, हा समज पुढच्या घटनांवरून उलटा जोडलेला आहे. १८९७ मध्ये मुबारकने स्वतः इंग्रजांकडे संरक्षण मागितलं, तेव्हा त्यांनी नकार दिला होता. आपण उभा केलेला माणूस कोणी असा दारातून परत पाठवत नाही. भाऊ तुर्कांच्या कलाने चालत म्हणून मारले, असंही म्हणतात. पण घरातला पैसा आणि मान हेच कारण मला जास्त पटतं.

मारलेल्या भावांच्या मुलांची बाजू घेऊन उभा राहिला यूसुफ अल-इब्राहीम. बसऱ्याजवळ मोठ्या बागा असलेला, मुंबईपर्यंत व्यापार पसरलेल्या घराण्यातला हा धनाढ्य सोयरा. त्याने मुबारकला पुढची सात-आठ वर्षं सुखाने झोपू दिलं नाही. बसऱ्याच्या तुर्की वलीकडे म्हणजे सुभेदाराकडे अर्ज, इंग्रजांकडे तक्रारी, अरबस्तानातल्या हाइलचा सत्ताधीश इब्न रशीद याच्याशी हातमिळवणी, गलबतांतून हल्ले, सगळं करून पाहिलं. मुबारक इंग्रजांकडे वळला, त्यामागे या एका माणसाचा वाटा फार मोठा आहे. इतिहासात त्याची आठवण कमी निघते, ती निघायला हवी.

४. 'कायमकाम' म्हणजे काय? तो किताब घेतला म्हणजे मुबारक तुर्कांचा नोकरच ठरला ना?

शब्द आपल्याला परका वाटायला नको. त्यातला 'कायम' आणि 'मुक्काम'मधला 'मकाम', दोन्ही मराठीत रुळलेले आहेत. दुसऱ्याच्या जागी उभा असलेला, म्हणजे नायब, असा त्याचा अर्थ. तुर्की कारभारात विलायत म्हणजे सुभा, त्याखाली संजक म्हणजे जिल्हा, त्याखाली कझा म्हणजे तालुका, आणि कझाचा अधिकारी तो कायमकाम.

बगदादचा वली मिधत पाशा १८७१ मध्ये अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अल-हसावर फौज घेऊन निघाला, तेव्हा कुवेतच्या शेख अब्दुल्लाने त्याला गलबतं पुरवली. तेव्हापासून शेखला कायमकाम म्हणण्याची रीत पडली. मुबारकलाही हा किताब डिसेंबर १८९७ मध्ये सुलतान अब्दुल हमीदकडून मिळाला, म्हणजे खुनानंतर दीड वर्षाने आणि बऱ्याच मनधरणीनंतर.

कागदावर पाहिलं तर हो, तो तुर्की अधिकारी ठरतो. गावात उतरून पाहिलं तर तुर्की शिबंदी नाही, तुर्की वसुली नाही, तुर्की न्यायाधीश नाही. जकात शेख घेई, न्याय शेख करी. मात्र एक दोर घट्ट होता. सबाह घराण्याच्या खजुराच्या बागा फाओ भागात, थेट तुर्की हद्दीत होत्या, आणि घराण्याचं मोठं उत्पन्न तिथून येई. बसऱ्याच्या वलीला मुबारकला चिमटा काढायचा असला की तो या बागांना हात घाली. या बागांचं पुढे काय झालं ते प्रश्न १८ मध्ये आहे.

५. १८९९ च्या करारात नक्की काय लिहिलं होतं?

२३ जानेवारी १८९९. इराणच्या किनाऱ्यावरच्या बुशहरला बसणारा इंग्रज रेसिडेंट कर्नल मीड कुवेतला आला आणि त्याने मुबारककडून एक छोटा करारनामा लिहून घेतला. मजकूर पानभरसुद्धा नाही. मुबारकने स्वतःला आणि वारसांना दोन गोष्टींनी बांधून घेतलं. पहिली, ब्रिटिश सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेचा प्रतिनिधी कुवेतमध्ये येऊ द्यायचा नाही. दुसरी, आपल्या मुलखातला कोणताही तुकडा दुसऱ्या सरकारला किंवा त्याच्या रयतेला द्यायचा नाही, विकायचा नाही, भाड्याने वा गहाण ठेवायचा नाही, वापरायलाही द्यायचा नाही.

बदल्यात १५ हजार रुपये, तेही बुशहरच्या सरकारी तिजोरीतून. आणि मीडचं वेगळं पत्र, की तुम्ही आणि तुमचे वारस अटी पाळाल तोवर ब्रिटिश सरकारची सदिच्छा आणि मदत राहील.

हा कागद मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा नजर एकाच ठिकाणी अडते. 'संरक्षण' हा शब्द त्यात कुठेच नाही. मुबारकने मागितलं होतं संरक्षण आणि त्याला मिळाली सदिच्छा. तरीही त्याने सही केली, कारण तुर्की जहाज बंदरात शिरलंच तर इंग्रजांना गप्प बसता येणार नाही, हे त्याने ओळखलं होतं. १९०१ मध्ये तसंच झालं (प्रश्न ८).

६. मग हे आपल्या तैनाती फौजेसारखंच नाही का?

हा प्रश्न मराठी वाचकच विचारतात, आणि ते साहजिक आहे. दुसऱ्या बाजीरावाने १८०२ मध्ये वसईला केलेला तह आपल्या मनात पक्का बसलेला आहे.

साम्य खरं आहे. परकी सत्तांशी परस्पर संबंध ठेवायचा नाही ही अट दोन्हीकडे आहे, आणि कुवेतचा कागद लिहिणारे अधिकारीही हिंदुस्थान सरकारच्या त्याच राजकीय खात्यातले, संस्थानिकांशी व्यवहार करून तयार झालेले. पण फरक मोठा आहे. कुवेतच्या खर्चाने पोसायची फौज नव्हती, तिच्यापोटी मुलूख तोडून द्यायचा नव्हता. शेखने उलट पैसे घेतले. गादीवर कोण बसणार यात इंग्रजांना लेखी हक्क नव्हता. पहिली पाच वर्षं तर गावात इंग्रज अधिकारीही नव्हता. पुण्याच्या रेसिडेंटशी तुलना करायचीच असेल, तर कॅप्टन नॉक्स पोलिटिकल एजंट म्हणून ऑगस्ट १९०४ मध्ये आला तिथपासून करावी. तुर्कांनी तक्रार केली तेव्हा त्यालाही काही महिने मागे घ्यावं लागलं होतं.

जवळचं उदाहरण बहरीनचं आणि ओमान किनाऱ्यावरच्या शेखांचं. त्यांच्याशी १८९२ मध्ये असेच करार झाले होते आणि कुवेतचा मसुदा त्याच साच्यातून निघाला.

७. हा करार गुप्त का ठेवला?

ब्रिटन स्वतःच आधी अडकलेलं होतं. इस्तंबूलमधल्या ब्रिटिश राजदूताने १८९३ मध्ये बसऱ्यापासून कतीफपर्यंतच्या किनाऱ्यावर सुलतानाचं सार्वभौमत्व मान्य केल्यासारखं बोलून ठेवलं होतं, आणि कुवेत त्याच किनाऱ्यावर आहे. करार उघड केला असता तर दुसऱ्याच्या अधिकाऱ्याशी परस्पर सौदा केल्याचा आरोप आला असता, आणि त्याला द्यायला ब्रिटनकडे चांगलं उत्तर नव्हतं. मुबारकलाही फाओच्या बागा सांभाळायच्या होत्या.

तुर्कांना संशय लगेच आला. पण दोन्ही सरकारांच्या कागदात हा करार नावानिशी आला तो १९१३ मध्ये (प्रश्न १३).

८. १९०१ मध्ये युद्ध होता होता राहिलं म्हणतात. काय झालं होतं?

सुरुवात मुबारकच्या पराभवाने झाली. मार्च १९०१ मध्ये तो मोठं सैन्य घेऊन नजदच्या, म्हणजे मध्य अरबस्तानच्या, आत गेला आणि सरीफला हाइलच्या इब्न रशीदने त्याचा धुव्वा उडवला. कुवेतच्या कितीतरी घरांतली माणसं परतली नाहीत. इब्न रशीद तुर्कांचा मित्र. आता कुवेतवर हात ठेवायची हीच वेळ, असं बसऱ्यात वाटू लागलं.

ऑगस्टमध्ये 'झुहाफ' हे तुर्की जहाज सैनिक घेऊन कुवेतच्या बंदरात आलं. तिथे 'पर्सियस' ही ब्रिटिश युद्धनौका आधीच नांगर टाकून होती. तिच्या कप्तानाने तुर्की कप्तानाला सांगितलं, की सैनिक उतरवलेत तर मी बळाने अडवीन. विचार करा, सुलतानाचा किताब असलेल्या शेखच्या बंदरात सुलतानाचंच जहाज, आणि त्याला अडवणारा तिसराच. झुहाफ परत गेलं.

सप्टेंबरमध्ये दोन्ही सरकारांत तोंडी समजूत झाली. तुर्कांनी कुवेतला फौज पाठवायची नाही, ब्रिटनने कुवेत ताब्यात घ्यायचं नाही किंवा त्यावर संरक्षण जाहीर करायचं नाही. आहे ते आहे तसं राहू द्यायचं. पुढची बारा वर्षं या 'जैसे थे'वर काढली गेली.

डिसेंबरात तुर्कांनी पुन्हा प्रयत्न केला. त्याच झुहाफवरून बसऱ्याचा नकीब, म्हणजे तिथल्या सय्यदांचा प्रमुख, आला आणि त्याने मुबारकपुढे पर्याय ठेवला: इस्तंबूलला येऊन सुलतानाच्या राज्यमंडळात मानाने बस, नाहीतर जबरदस्तीने काढलं जाशील. इंग्रज नौकांच्या आधारावर मुबारकने दोन्ही नाकारलं.

९. बर्लिन-बगदाद रेल्वेचा इथे काय संबंध?

संबंध असा, की रेल्वे नसती तर १८९९ चा करारही बहुधा झाला नसता. आधी १८९८ मध्ये काउंट काप्निस्ट या रशियनाने भूमध्य समुद्रावरच्या (आजच्या लेबनॉनमधल्या) त्रिपोलीपासून कुवेतपर्यंत रेल्वेची योजना पुढे केली, आणि तिच्या बातमीनेच लंडन हललं. तोवर मुबारकला टाळणारे लोक दोन-तीन महिन्यांत सहीला तयार झाले.

मग जर्मन आले. कैसर विल्हेल्म १८९८ मध्ये सुलतानाचा पाहुणा होता आणि डॉइचे बँकेच्या पाठबळावरच्या कंपनीला रेल्वेची सवलत मिळाली. जानेवारी १९०० मध्ये जर्मन वाणिज्यदूत स्टेमरिख आपल्या मंडळासह कुवेतला पोचला आणि त्याने काझिमाजवळ स्टेशनासाठी जागा मागितली. मुबारकने नाही म्हटलं. खरं कारण सांगायची सोयच नव्हती, करार गुप्त होता. त्याने वाळवंटातल्या टोळ्यांची अडचण पुढे केली. जर्मन मग इस्तंबूलला गेले. जमीन सुलतानाची असेल तर शेखला विचारायचंच कशाला, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून कुवेत पूर्णपणे तुर्की ठरावं यात जर्मनीचा सरळ फायदा होता.

रेल्वे कुवेतला कधीच आली नाही. जून १९१४ मध्ये ब्रिटन आणि जर्मनीत मसुदा ठरला, की ती बसऱ्याला थांबेल. सहा-सात आठवड्यांत महायुद्ध पेटलं.

१०. रशियाने खरंच काही केलं, की नुसतीच हवा?

नौका आल्या. 'वर्याग' डिसेंबर १९०१ मध्ये कुवेतला येऊन गेली. तिच्याने काही मिळालं नाही, पण इंग्रजांची झोप उडाली. ५ मे १९०३ रोजी परराष्ट्रमंत्री लॅन्सडाउन यांनी उमरावांच्या सभागृहात सांगितलं, की आखातात दुसऱ्या कोणी आरमारी तळ उभारला तर ब्रिटन सर्व बळ लावून विरोध करील. कुवेतचं नाव न घेता केलेली ती कुवेतवरचीच घोषणा होती.

११. लॉर्ड कर्झन कुवेतला गेला होता तो हाच का?

हाच. बंगालच्या फाळणीवाला. व्हाइसरॉय असताना नोव्हेंबर १९०३ मध्ये युद्धनौकांचा ताफा घेऊन तो आखातात फिरला आणि महिन्याच्या अखेरीस कुवेतला उतरला. मुबारकने त्याच्यासाठी मुंबईहून व्हिक्टोरिया गाडी मागवली होती. आपल्याकडे काळबादेवीला धावायची तसली. चाकांच्या गाडीसाठी रस्ता असा तिथे नव्हता. ओढणाऱ्या अरबी घोड्यांना त्या कामाची सवय नव्हती. दोन्ही बाजूंना घोडेस्वार आणि सांडणीस्वार हवेत बार काढत, आरोळ्या ठोकत धावताहेत, आणि मधे व्हाइसरॉय आणि शेख त्या गाडीत.

मला या दृश्यात मुबारक दिसतो. पाहुण्याला काय शोभेल याचा त्याने विचार केला होता, आणि बसऱ्यात बसलेल्या तुर्कांना ही मिरवणूक कळणार हेही त्याला ठाऊक होतं.

१२. या सगळ्या काळात कुवेतवर झेंडा कोणाचा होता?

तुर्कांचा, तांबड्यावर चंद्रकोर. १८९९ नंतरही तोच. इंग्रजांनी वेगळा झेंडा सुचवून पाहिला, पण मुबारकला घाई नव्हती. १९१३ च्या मसुद्यात तर शेखला हवं असल्यास तुर्की झेंड्याच्या कोपऱ्यात 'कुवेत' शब्द घालण्याची मुभा लिहिली आहे. युद्ध सुरू झाल्यावर मात्र हे चालेना, समुद्रात गलबत मित्राचं की शत्रूचं हे झेंड्यावरूनच ओळखायचं. मग 'कुवेत' लिहिलेला वेगळा झेंडा आला.

झेंडा तुर्की म्हणून मुलूख तुर्की, असं म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं, की तो झेंडा लावणाऱ्याने त्याच काळात, ऑक्टोबर १९०७ मध्ये, शुवेखची किनाऱ्याची जमीन वर्षाला ६० हजार रुपयांवर इंग्रजांना भाड्याने दिली.

१३. १९१३ च्या करारनाम्यात कुवेत कुणाचं ठरलं?

२९ जुलै १९१३ रोजी लंडनमध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे आणि तुर्कांचे प्रतिनिधी हक्की पाशा यांनी सह्या केल्या. कुवेत ही उस्मानी साम्राज्यातली स्वायत्त कझा. शेख तुर्की कायमकाम. पण त्याच्या कारभारात आणि वारसाहक्कात तुर्कांनी ढवळाढवळ करायची नाही, फौज ठेवायची नाही, आणि इंग्रजांशी त्याने केलेले करार मान्य करायचे. म्हणजे नाव सुलतानाचं, अधिकार शेखचा, अडवण्याचा हक्क ब्रिटनचा.

नकाशावर दोन रेषा काढल्या. कुवेत शहराभोवतीचं तांबडं अर्धवर्तुळ, जिथे शेखचा पूर्ण अधिकार. त्याबाहेर हिरवी रेषा, जिच्यापर्यंतच्या टोळ्या शेखला कर देतील. बुबियान आणि वारबा ही बेटं शेखकडे.

मुबारकला यातलं काही आधी विचारलं नाही, झाल्यावर सांगितलं. तुर्की एजंट कुवेतमध्ये राहील हे कलम त्याला फार लागलं. त्याने जन्मभर जे टाळलं होतं तेच त्याच्या मित्रांनी कागदावर देऊन टाकलं होतं. इथे मी मुबारकच्या बाजूचा आहे.

१४. तो करारनामा कायम झालाच नाही. मग त्याला किंमत काय?

हा अवघड प्रश्न. दोन्ही सरकारांची अंतिम मान्यता न होताच युद्ध सुरू झालं, म्हणून कायद्याने तो अपुरा आहे. पण त्यातल्या रेषा मेल्या नाहीत. १९२२ मध्ये उकैरला ब्रिटिश अधिकारी पर्सी कॉक्सने नजदच्या इब्न सौदसोबत कुवेतची दक्षिण सीमा ठरवली, तेव्हा हिरव्या रेषेपर्यंतचा मोठा मुलूख गेला आणि तांबड्या अर्धवर्तुळाचाच आधार घेतला गेला. उत्तरेकडे उलट झालं. १९२३ मध्ये आणि पुन्हा १९३२ मध्ये इराकशी झालेल्या पत्रव्यवहारात सीमा म्हणून हिरवी रेषाच वर्णन केली गेली. १९३२ च्या पत्रावर इराकचे पंतप्रधान नुरी अल-सईद यांची सही आहे. १९९१ नंतर संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने सीमा आखली, ती याच पत्रांवरून.

१५. १९१४ मध्ये काय बदललं? आपल्या सैनिकांचा त्यात काय भाग होता?

३ नोव्हेंबर १९१४ च्या पत्राने ब्रिटनने मुबारकला प्रथमच स्पष्ट लिहून दिलं: कुवेत हे ब्रिटिश संरक्षणाखालचं स्वतंत्र राज्य. अट अशी, की त्याने उम्म कस्र, सफवान आणि बुबियानवरच्या तुर्की चौक्या उठवाव्यात आणि बसरा घेण्यात मदत करावी.

त्याच आठवड्यात, ६ नोव्हेंबरला, हिंदुस्थानी फौज फाओला उतरली. ती सहाव्या पूना डिव्हिजनची तुकडी होती, आणि तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. पाठोपाठ ११० वी आणि १०३ री मराठा लाइट इन्फंट्रीही आली. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची ही माणसं. बसरा २२ नोव्हेंबरला पडलं. पुढे कुत-अल-अमाराच्या वेढ्यात याच पलटणींनी उपासमार सोसली आणि एप्रिल १९१६ मध्ये त्या कैदेत गेल्या. कुवेतच्या दर्जाची गोष्ट सांगताना ही माणसं बहुधा वगळली जातात.

१६. मग कुवेत ब्रिटिश वसाहत होता की 'प्रोटेक्टोरेट'?

वसाहत कधीच नव्हता. प्रोटेक्टोरेट म्हणूनही तो रीतसर जाहीर झाला नाही. इंग्रजी कायद्यात त्याला संरक्षित राज्य म्हणत: परराष्ट्र व्यवहार ब्रिटनकडे, आतला कारभार शेखकडे. १८९९ चा करार १९ जून १९६१ रोजी रद्द झाला आणि कुवेत पूर्ण स्वतंत्र झाला.

रोजच्या व्यवहारात मात्र तो मुंबईच्या अंगणात होता. आखाताची रेसिडेन्सी १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्याच ताब्यात होती, आणि नंतरही टपाल, चलन, व्यापार सगळं इकडून चाले. एका रत्नागिरीकर कुटुंबात मी १९५९ नंतरची दहा रुपयांची आखाती नोट पाहिली आहे. नोट रिझर्व्ह बँकेची, मजकूर ओळखीचा, पण रंग तांबडा आणि क्रमांकाआधी 'झेड' अक्षर. ती भारतात चालत नसे, आखातातच चाले. कुवेतचा स्वतःचा दिनार १९६१ मध्ये आला.

१७. थोडक्यात सांगा, इराकचा दावा बरोबर होता का?

नाही. कारण सांगतो. दावा असा, की कुवेत बसरा विलायतेची कझा होता आणि बसरा इराकला मिळाला, म्हणून कुवेतही मिळायला हवा. १९६१ मध्ये इराकचे पंतप्रधान अब्दुल करीम कासिम यांनी हेच मांडलं, १९९० मध्ये सद्दामने हेच वापरलं.

कझा हा शब्द कागदावर होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बसऱ्याचा अंमल कुवेतवर प्रत्यक्ष चालला नव्हता (प्रश्न ४). तुर्कस्तानने १९२३ च्या लोझानच्या तहात आपल्या सीमेबाहेरच्या मुलखावरचे हक्क सोडले, ते इराकच्या नावे करून दिले नाहीत. आणि इराकने स्वतः १९३२ मध्ये, पुन्हा ऑक्टोबर १९६३ मध्ये आणि शेवटी नोव्हेंबर १९९४ मध्ये कुवेत वेगळा असल्याचं मान्य केलं.

इराकची खरी अडचण वेगळी आहे, आणि ती मला समजते. एवढ्या मोठ्या देशाला समुद्राचा जेमतेम तुकडा मिळाला आणि उम्म कस्र या बंदराला जाणारी खोर अब्दुल्ला ही खाडीची वाट बुबियान-वारबाला घासून जाते. तुर्कांनी १९०२ मध्ये चौक्या बसवल्या त्याच जागी. २०१२ मध्ये दोन्ही देशांनी या खाडीच्या वाहतुकीचा करार केला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये इराकच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता देणारा कायदा रद्द ठरवला.

१८. फाओच्या खजुराच्या बागांचं शेवटी काय झालं?

१९१४ च्या पत्रात ब्रिटनने आणखी एक वचन दिलं होतं: फाओ ते कुर्ना यांमधल्या शेखच्या बागा त्याच्या आणि वारसांच्याच राहतील, आणि त्यांवर कधीही कर लागणार नाही. तेव्हा ती जमीन ब्रिटनच्या ताब्यातही नव्हती. युद्धानंतर इराक हे राज्य उभं राहिलं, १९३२ मध्ये स्वतंत्र झालं, आणि दुसऱ्याने दिलेली करमाफी आपण का पाळावी असं बगदादने विचारलं. मालकीवरून दावे उभे राहिले, बसऱ्याच्या कोर्टात चालले. शेख अहमद अल-जाबिर, मुबारकचा नातू, वर्षानुवर्षं इंग्रजांना आजोबांना दिलेल्या त्या पत्राची आठवण करून देत राहिला.